आईचं अर्धं बरोबर आहे

पत्र : ताई, मी तिशीतली, दिवसभर संगणकापुढे बसणारी. ऑफिसातून दोन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. जूनच्या मध्यापासून सहा आठवडे केनियात, लायकिपियाच्या पठारावरच्या एका खासगी अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून काम करायचं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला टांझानियात जाऊन पाच दिवसांत मारांगु मार्गाने किलिमांजारो चढायचा, असा बेत आहे. सहा आठवडे उघड्यावर राबल्यावर शरीर तयार होईलच, शिवाय पठार सहा हजार फुटांवर असल्याने उंचीची सवयही होईल, असं मी धरून चालले आहे. पण काही शंका आहेत. काम फुकट करायचं आणि वर आपणच पैसे भरायचे, ही फसवणूक तर नाही? स्वस्तातली डोंगर-सहल घेतली तर चालेल का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी का? आई म्हणते, एकतर हे कर नाहीतर ते. – भटकी

भटकी,

आईचं अर्धं बरोबर आहे. दोन्ही करता येईल, पण एक करता करता दुसऱ्याची तयारी परस्पर होऊन जाईल हा तुझा हिशेब काही जमत नाही. आत्ता जानेवारी आहे. हाताशी पाच महिने आहेत, म्हणून स्पष्टच लिहिते.

अभयारण्यातलं ‘उघड्यावर राबणं’ कसं असतं ते आधी बघ. पहाटे थंडीत जीपमध्ये बसायचं. पुढे चालक आणि रेंजर, मागे तू, मांडीवर नोंदवही. ग्रेवीचा झेब्रा दिसला की गाडी थांबते. त्याची उजवी कूस नीट कॅमेऱ्यात येईपर्यंत हलायचं नाही. प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे, आणि एकाच जनावराच्या दोन कुशींचे पट्टेही वेगळे. त्यामुळे सगळ्यांनी एकच बाजू टिपली नाही तर तोच झेब्रा दोनदा मोजला जाईल. केनियात २०१६ साली सर्वसामान्य लोकांना हाताशी धरून या झेब्र्यांची मोठी गणना झाली, तीही उजव्या कुशीच्या छायाचित्रांवरूनच. जगात हे झेब्रे जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलेत आणि बहुतेक सगळे उत्तर केनियात, म्हणून एकेकाची नोंद मोलाची. पण झेब्र्याला त्याचं काय! तो डावी कूस दाखवत अर्धा तास चरत राहतो आणि तू अर्धा तास बसून राहतेस. दुपारी ट्रॅप कॅमेऱ्यांची, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांची, कार्डं उघडायची, म्हणजे वाऱ्याने हललेल्या गवताची शेकडो छायाचित्रं पुसून एखादा तरस शोधायचा. हेही बसूनच.

घाम काढणारं काम म्हणजे फड्या निवडुंग उपटणं. अमेरिकेतून आलेल्या या निवडुंगाने लायकिपियात कुरणंच्या कुरणं गिळली आहेत. त्याची लाल बोंडं बबून आणि हत्ती आवडीने खातात आणि बिया मैलोन्‌मैल पेरत जातात. तोडताना एखादं पान मातीवर पडून राहिलं तर तिथेच मुळं धरतं, म्हणून तुकडान्‌तुकडा गोळा करावा लागतो. मोठ्या काट्यांची भीती बाळगू नकोस, ते दिसतात तरी. बोंडांवरची बारीक कुसं हातमोज्यातून आत शिरतात आणि रात्री पांघरूण ओढताना सापडतात. चिमटा बरोबर ने. पण या कामात कस लागतो तो पाठीचा आणि हातांचा. डोंगराला लागणाऱ्या मांड्या त्यात कमावल्या जात नाहीत.

आणि संध्याकाळी? फिरायला बाहेर पडता येत नाही. तिथे हत्ती आहेत, सिंह आहेत आणि या दोघांपेक्षा मला ज्याची जास्त धास्ती वाटते तो एकटा, म्हातारा रानरेडा आहे. अंधार पडल्यावर तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंत जायलाही सोबतीला माणूस लागतो. सकाळी पळायला जाते म्हणालीस तर रेंजर आधी हसेल, मग ओरडेल. पायांपुरतं बोलायचं तर ही सहा आठवड्यांची बैठी नोकरीच समज.

म्हणजे पाय इथून कमावूनच न्यायचे. पाच महिने त्याला पुरेसे आहेत. आठवड्यातून तीन दिवस जिने चढायचे. पहिल्या महिन्यात पाठीवर काही नको, मग हळूहळू पाठपिशवीत सहा-सात किलोपर्यंत वजन वाढवायचं. डोंगरावर तुझ्या पाठीवर साधारण एवढंच असेल, बाकीचं सामान पोर्टर नेतात. महिन्यातून एकदा तरी शनिवारी आणि रविवारी लागोपाठ पाच-सहा तास चाल. पहिला दिवस कुणीही चालतो. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी दुखऱ्या पायांनी निघण्यात असते. आणि उतरण्याचा सराव कर. लोक चढण्याचाच करतात. मारांगु मार्गावर शिखर गाठल्यावर त्याच दिवशी ५,८९५ मीटरवरून ३,७२० मीटरवरच्या होरोम्बोच्या झोपड्यांपर्यंत उतरायचं असतं, म्हणजे जवळजवळ २,२०० मीटर, तेही रात्रभर चढून आल्यावर. गुडघ्यांची आणि अंगठ्याच्या नखांची वाट तिथे लागते. नखं बारीक काप, बूट आत्ताच घे आणि जूनपर्यंत ते पायांना जुने झालेले असू देत.

अभयारण्यात गेल्यावर कमावलेलं राखायचं, एवढंच. तिथे एखादी भक्कम लाकडी पेटी मिळतेच. तिच्यावर पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून चढ-उतर कर, एका पायाने अर्धा तास, दुसऱ्याने अर्धा तास. आठवड्यातून चार वेळा. कंटाळवाणं आहे. दुसरा उपाय नाही.

आता पैशांची शंका. पैसे मागितले म्हणून फसवणूक ठरत नाही. तुझं जेवण, निवास, गाडीचं डिझेल, शिकवायला लागणारा माणसाचा वेळ, हे सगळं खर्चाचंच आहे. लायकिपियात वन्यप्राण्यांची बहुतेक जमीन सरकारी उद्यानात नाही. ती खासगी पशुपालन केंद्रांची किंवा स्थानिक समाजाच्या सामुदायिक अभयारण्यांची आहे. केनियाने १९७७ सालीच शिकारीवर बंदी घातली, त्यामुळे तेही उत्पन्न नाही. पर्यटक आणि तुझ्यासारखे पाहुणे यांच्यावरच बरंचसं चालतं. सुदान नावाचा उत्तरी पांढरा गेंडा तुला आठवत असेल. त्या उपजातीचा तो शेवटचा नर, २०१८ च्या मार्चमध्ये गेला. तो याच पठारावरच्या ओल पेजेता अभयारण्यात होता, रात्रंदिवस सशस्त्र पहाऱ्यात. मागे राहिल्या त्याची लेक नाजिन आणि नात फातू. अशा पहाऱ्याचा खर्च कुठून तरी यावाच लागतो.

तेव्हा ‘पैसे का घेता’ हे विचारू नकोस. तुम्ही कोणी आला नाहीत तर हे काम कोण करतं, ते विचार. ‘आमचेच लोक करतात, पाहुणे आले की जरा जास्त होतं’ असं उत्तर आलं तर बरं. ‘मग ते होतच नाही’ असंही चालेल, निवडुंगाच्या बाबतीत ते खरंच असतं. पण जे काम गावातल्या माणसाला पगार देऊन करून घेता आलं असतं, त्यासाठी तुझ्याकडूनच पैसे घेत असतील तर तिथे जाऊ नकोस. आणि जाहिरातीत कुणी सिंहाच्या छाव्याला बाटलीने दूध पाजताना दिसलं, तर पुढे वाचायचीही गरज नाही. दक्षिण आफ्रिकेत असे छावे स्वयंसेवकांच्या मांडीवर वाढवून मोठे झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकल्याचे प्रकार झाले आहेत. बऱ्या अभयारण्यात तू सहा आठवड्यांत एकाही रानटी जनावराला हात लावत नाहीस. हात लावायला मिळणार नाही, हीच त्या जागेची खूण.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून लेखी घे. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी सुरू केली. पण पर्यटक म्हणून घेतलेल्या परवानगीवर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. थोड्या मुदतीच्या कामासाठी ‘स्पेशल पास’ असतो आणि त्याचा अर्ज तुला बोलावणाऱ्या संस्थेने करायचा असतो. ‘टुरिस्ट म्हणून या, कुणी विचारत नाही’ असं कळवणारे लोक इतर बाबतीतही तसेच असतात. टांझानियाचा व्हिसा वेगळा. पूर्व आफ्रिकेचा जो सामाईक व्हिसा आहे तो केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्यापुरता, त्यात टांझानिया येत नाही. केनियातून टांझानियात शिरताना पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात, भारतात परततानाही मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, दाखला आयुष्यभर चालतो. जनावरांच्या आसपास राहणार आहेस म्हणून रेबीजच्या आगाऊ लशीबद्दलही डॉक्टरांना विचार.

उंचीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुझ्या बेतातली खरी काळजीची जागा तीच. लायकिपिया साधारण १,८०० मीटरवर आहे. तिथे राहून रक्तात थोडासा फरक पडतो, पण त्या बळावर ४,७०० मीटरवर झोपता येत नाही. मारांगुच्या पाच दिवसांत काय होतं बघ : उद्यानाचा दरवाजा सुमारे १,९०० मीटरवर, पहिली रात्र मांदारात २,७०० मीटरच्या आसपास, दुसरी होरोम्बोत ३,७२० ला, तिसरी किबोत ४,७०० च्या वर, आणि त्याच मध्यरात्री उठून शिखराकडे. रोज हजार मीटर. गिर्यारोहणातले डॉक्टर सांगतात, तीन हजारांच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. तुझा बेत बरोबर दुप्पट वेगाचा आहे. शिखरावर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. धडधाकट असण्याचा इथे उपयोग नाही. उलट धडधाकट माणूस भरभर चढतो आणि लवकर आडवा होतो. वाटेवर सगळे ‘पोले पोले’ म्हणत असतात, स्वाहिलीत ‘हळूहळू’, ते उगाच नाही.

म्हणून पाच दिवसांचं काही घेऊ नकोस. मारांगुच हवा असेल तर होरोम्बोत एक जादा रात्र असलेला सहा दिवसांचा घे, तोही मला कमीच वाटतो. पश्चिमेकडून येणारा लेमोशो आठ दिवसांत केला तर सर्वांत बरा. वाटेतल्या शिरा नावाच्या पठारावर शरीराला वेळ मिळतो, मग एका दिवसात ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून झोपायला बारांकोत ३,९०० च्या आसपास उतरायचं. चढायचं वर, झोपायचं खाली. १८८९ साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा माथ्यावर पोचले, तेही आधी दोनदा हात हलवत परतलेल्या मायरचा तो तिसरा प्रयत्न होता. डोंगर घाई चालवून घेत नाही, तेव्हाही आणि आजही.

मला विचारशील तर मी तिसरंच सुचवीन. लायकिपियात राहून रोज सकाळी जो डोंगर समोर दिसेल तो किलिमांजारो नाहीच, तो माउंट केनिया. त्याची बातियान आणि नेलियन ही दोन टोकं दोर लावून चढणाऱ्यांची. पण ४,९८५ मीटरचं लेनाना हे तिसरं टोक चालत गाठता येतं. उत्तरेकडच्या सिरिमोन वाटेने पहिली रात्र ओल्ड मोझेसला ३,३०० वर, मग शिप्टनच्या तळावर ४,२०० च्या आसपास दोन रात्री, पहाटे लेनाना. वाटेत राक्षसी लोबेलिया आणि माणसाहून उंच सेनेसिओ झाडं, जी किलिमांजारोवरही आहेत, पण इथे ती दाटीने बघायला मिळतात. दोर लागत नाही म्हणून एकटी जाऊ नकोस. तिथे एकट्याला सोडतही नाहीत. लेनाना करून आठवड्याभरात किलिमांजारोला गेलीस तर ती उंचीची सवय खरोखर उपयोगी पडेल. आणि लेनानावरच समाधान झालं तर रजेचे उरलेले दिवस तुझे. किलिमांजारोचं नाव मोठं आहे म्हणून तोच केला पाहिजे असं नाही. पण हा निर्णय तुझा, मी फक्त माझं मत सांगितलं.

स्वस्त सहलीचं गणित कागदावर मांड. किलिमांजारोवर वाटाड्याशिवाय जाताच येत नाही. उद्यानाचं प्रवेश आणि मुक्कामाचं शुल्क परदेशी माणसाला दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातं आणि ते कुठल्याच कंपनीला चुकत नाही. सहलीच्या किमतीतून तेवढं वजा कर. उरतं त्यात जेवण, तंबू, वाटाडे, स्वयंपाकी आणि पोर्टर. एका गिर्यारोहकामागे तीन-चार पोर्टर सहज असतात. फारच थोडं उरत असेल तर ते कुणाच्या मजुरीतून आणि कुणाच्या जेवणातून काढलंय हे सांगायला नको. उद्यानाच्या नियमाने पोर्टरच्या पाठीवर वीस किलोपर्यंतच ओझं द्यायचं असतं आणि दरवाज्यावर वजन करतात. कंपनीला सरळ विचार : पोर्टरला दिवसाची मजुरी किती, तो कुठे झोपतो, दिवसातून किती वेळा जेवतो. किलिमांजारोवर पोर्टरांच्या हक्कांसाठी काम करणारी केपॅप नावाची संस्था आहे. तिच्या भागीदारांच्या यादीत कंपनीचं नाव आहे का तेही बघ.

औषधं. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, घ्यायला हरकत नाही, पण तुझ्या डॉक्टरांना विचारून. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांग. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. जूनआधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघ, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं; ते पहिल्यांदा तंबूत उणे दहाला कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. ती सवय व्हायला मदत करते, धोका पुसून टाकत नाही. गोळी घेऊनही डोकं ठणकत असेल आणि उलट्या होत असतील तर चढायचं नाही. पाय अडखळायला लागले, सरळ रेषेत चालता येईना किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच क्षणी उतरायचं, रात्र असली तरी.

तुझ्या बेतात एक गुंता आहे, तो पाच दिवसांच्या सहली विकणारे सांगत नाहीत. मलेरियाची सुरुवात आणि उंचीच्या त्रासाची सुरुवात सारखीच असते : डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं. लायकिपियाच्या उंचीवर मलेरिया कमी असतो, पण सुट्टीच्या दिवशी तू किनाऱ्यावर किंवा व्हिक्टोरिया सरोवराकडे गेलीस तर भरपूर आहे. डास चावल्यावर ताप यायला आठवडा तरी लागतो, म्हणजे नेमकी डोंगरावर असताना. होरोम्बोत अंग तापलं तर ‘उंचीमुळे असेल’ म्हणू नकोस. उंचीच्या साध्या त्रासात सणकून ताप येत नाही. खाली उतर आणि रक्त तपासून घे. प्रतिबंधक गोळ्यांतही निवड आहे. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण तिने कातडी उन्हाला हळवी होते आणि चार हजार मीटरवरच्या उन्हात ती भाजून निघते. शिवाय मलेरियाचा भाग सोडल्यावरही ती चार आठवडे घ्यायची असते, म्हणजे डोंगरावरही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण नंतर सात दिवसांत संपते. मेफ्लोक्विनने काहींना चक्कर येते, गोंधळल्यासारखं होतं. डोंगरावर ते कशामुळे होतंय हे ओळखणं कुणालाच जमणार नाही. माझ्या मते अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घ्यावी, पण डॉक्टरांशी बोलताना डोंगराचा उल्लेख विसरू नकोस. बहुतेकजण फक्त ‘आफ्रिकेला चाललेय’ एवढंच सांगतात.

विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाच. नेहमीच्या प्रवासविम्यात चढाईच्या उंचीला मर्यादा असते. तुला सहा हजार मीटरपर्यंतचा आणि डोंगरावरून सोडवून आणण्याचा खर्च देणारा विमा हवा. दुसरं कलम शोधायचं ते ‘अंगमेहनतीच्या कामाचं’. बऱ्याच पॉलिस्यांत ते वगळलेलं असतं आणि निवडुंगावर कोयता चालवणं त्यात येतं.

सामानात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालू नकोस. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांवर बंदी आहे. कपडे गुंडाळायला कापडी थैल्या ने. पाण्याची नळीवाली पिशवी शिखराच्या रात्री गोठते, म्हणून एक रुंद तोंडाची बाटली हवी, ती पाठपिशवीत उलटी ठेव म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि झाकण उघडतं. टॉर्चच्या आणि फोनच्या बॅटऱ्या झोपताना पांघरुणात घे. पोर्टरांच्या बक्षिसासाठी डॉलरच्या छोट्या नोटा आधीच जमव आणि त्या २००६ नंतरच्या असू देत, त्याआधीच्या नोटा तिथे बरेचदा कुणी घेत नाही.

आणि आईला हे पत्र वाचायला दे. तिला पॉलिसीचा क्रमांक, अभयारण्याच्या व्यवस्थापकाचा फोन आणि डोंगर-कंपनीचा फोन लिहून ठेव. डोंगरावर फोन लागेलच असं नाही, तेव्हा कुठल्या दिवसापर्यंत तुझा निरोप आला नाही तर तिने कुणाला विचारायचं, ती तारीखही लिही. ती एक दिवस पुढचीच लिही, डोंगर वेळापत्रक पाळत नाही.